मावशी का सोडून जातात

आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि पुढच्या चौदा महिन्यांत तिचं करायला आमच्याकडे पाच मावशी आल्या. पहिल्या अकरा दिवस टिकल्या. दुसऱ्या दीड महिना. तिसऱ्या एका सोमवारी आल्याच नाहीत, फोनही बंद. चौथ्यांनी 'गावाला सासू आजारी आहे' म्हणून निरोप घेतला आणि आठवड्याभरात शेजारच्या सोसायटीत दुसऱ्या पेशंटकडे जाताना दिसल्या. मी भडकले. मावशी पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाईंना फोन करून 'या बायकांना माणुसकीच नाही' वगैरे सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का? तुमची केस घ्यायला कोणी तयार होत नाही."

आईची केस अवघड नव्हती. तिला उचलावं लागायचं, पण ती हलकी होती. अवघड आम्ही होतो, आणि हे कळायला पाचव्या मावशी याव्या लागल्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. पण मला ते माहीत आहे. पहिल्या तिघींची नावं मला आजही सांगता येणार नाहीत.

घरी राहून म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांना (आणि काही पुरुषांना, त्यांना आपण मामा किंवा नुसतं 'वॉर्डबॉय' म्हणतो) 'आपली इथे कदर आहे' असं कशानं वाटतं, कशानं वाटत नाही आणि त्यावर त्यांचं टिकणं कसं ठरतं, ते इथे उलगडून सांगते आहे. यातलं बरंचसं मी चुका करून शिकले.

आधी हे काम एवढं स्वस्त का, ते बघू. 2011च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं 8.6 टक्के होती, महाराष्ट्रात 9.9 आणि गोव्यात 11.2 टक्के. हा आकडा तेव्हापासून वाढतोच आहे. या माणसांचं करत आलंय कोण? घरातली सून, मुलगी, बायको. 2019च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष 97. शुश्रूषेची वेळ त्यात वेगळी मोजली होती, तीही बायकांच्याच वाट्याला जास्त. या कामाला पैसे पडत नव्हते. घरातली बाई नोकरीला जायला लागली आणि तेच काम विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा आपण मनातल्या मनात किंमत लावली ती आधीच्याच हिशेबानं, म्हणजे फुकटच्या आसपास. 'यात काय एवढं, बसून तर असतात' हे वाक्य तिथून येतं.

त्यात शिक्षणाच्या पायऱ्या आहेत. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या सिस्टर वेगळ्या. नळीतून जेवण भरवणं, कॅथेटर सांभाळणं, डायपर बदलणं, स्पंजिंग, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखम होऊ न देणं, ही कामं बहुतेक घरांत करतात त्या मावशी. त्यांना आपण केअरटेकर, आया, अटेंडंट, काहीही म्हणतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी काम करता करताच शिकलेल्या असतात. कागद नाही म्हणून कौशल्य नाही, असा आपला सोयीचा समज.

पैशाचा प्रवासही समजून घ्यायला हवा. सोपा हिशेब म्हणून समजा, तुम्ही बारा तासांच्या ड्युटीचे महिन्याला 24 हजार ब्युरोला देता. ब्युरो त्यातून कमिशन कापतो आणि मावशींच्या हातात 18 हजार पडतात. मावशी पुण्यात वाघोलीहून कोथरूडला येतात, दोन बस बदलून, जाऊन-येऊन तीन तास. म्हणजे दिवसाचे पंधरा तास झाले. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून त्या तीसही दिवस येतात. 450 तासांचे 18 हजार, तासाला 40 रुपये. तुमच्या डोक्यात मात्र 24 हजार असतात, आणि बोलताना तेच तोंडात येतं: "एवढे पैसे मोजतोय आम्ही." दोघंही खरंच बोलतात, दोघांचे आकडे वेगळे असतात. मला ब्युरोला शिव्या घालायच्या नाहीत. माणूस शोधणं, आधारकार्ड तपासणं, बदली पाठवणं हेही काम आहे. पण तुमच्या मावशींच्या हातात नेमके किती पडतात, हे ब्युरोला पहिल्याच दिवशी विचारा. मी ते दहाव्या महिन्यात विचारलं.

आता कदर या शब्दाकडे. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, 'कामात तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी?' 1959 साली त्यानं जे मांडलं ते अजून व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. त्याचं म्हणणं, असमाधान आणि समाधान ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत, ते दोन वेगळे काटे आहेत. पगार, कामाची जागा, वरचा माणूस, नियम हे बिघडले की माणूस वैतागतो. पण ते नीट असले की फक्त वैताग थांबतो, आनंद होत नाही. आनंद येतो तो वेगळ्या गोष्टींतून: काम जमलं, कोणी ते ओळखलं, जबाबदारी मिळाली, पुढे जाता आलं. त्यानं विचारलं होतं टेबलखुर्चीवाल्यांना, बेडपॅन धुणाऱ्यांना नाही, आणि त्याच्या पद्धतीवर टीकाही भरपूर झाली. तरी आमच्या घरात काय चुकत होतं ते मला या दोन काट्यांनीच कळलं. आम्ही पहिला काटा बिघडलेला ठेवून दुसऱ्यावर वजन टाकत होतो. पगार पाच तारखेचा बाराला जायचा, पण दिवाळीला साडी नक्की. रविवारची सुट्टी नाही, पण "मावशी, तुम्ही होता म्हणून हो!" हे रोज.

याच चुकीची मोठ्या पडद्यावरची आवृत्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. 22 मार्च 2020ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. कोरोनाच्या त्या साथीत दारोदार फिरल्या त्या आशाताई, म्हणजे वस्तीपातळीवर आरोग्याचं सरकारी काम करणाऱ्या बायका. मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. आणि त्याच आशा महाराष्ट्रात जून 2021मध्ये संपावर होत्या, ऑक्टोबर 2023मध्ये पुन्हा संपावर गेल्या, 2024च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानात बसल्या. मार्च 2024मध्ये राज्यानं त्यांच्या मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर केली. सरकारी भाषेत त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत, आणि त्यांना मिळतो तो पगार नाही, 'मानधन'. आपल्या भाषेनं इथे कमालीचा चतुर शब्द दिलाय. धन कमी पडलं की उरलेलं मानानं भरून काढायचं. आमच्या घरातही 'तुम्हाला पुण्य लागेल हो' असं म्हणणारे पाहुणे यायचे. एकदा मावशी हसून म्हणाल्या, "लागू दे की. पण घरमालक पुण्य घेत नाही."

चौथ्या मावशी गेल्या त्या झोपेपायी. त्या चोवीस तासांच्या होत्या. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलेलं. म्हणजे रात्री दहाला निजलं तर बारा, दोन, चार आणि सहाला उठणं आलं. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या की मी ऑफिसातून फोन करायचे, "आई काय करतेय?" फोन आईसाठी असायचा, पण मोडायची त्यांची झोप. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई नव्हे, हे सांगावं लागतं याचीच मला आता लाज वाटते. पाचव्यांच्या वेळी आम्ही दुपारी एक ते चार हे तास त्यांचे ठरवले. त्या वेळात शेजारच्या काकू किंवा माझा मुलगा आईजवळ बसायचा. आठवड्यातून एक भरपगारी सुट्टी, त्या दिवशी बदली. बदलीचा खर्च आम्हाला जड गेला, खोटं कशाला बोलू. पण दर दोन महिन्यांनी नवीन माणूस शिकवण्याचा खर्च आम्ही कधी मोजलाच नव्हता.

तो खर्च पैशात दिसत नाही. आईला पाणी डाव्या बाजूनं आणि चमच्यानंच द्यायचं, उजवीकडून दिलं की ठसका लागतो. कूस बदलताना आधी 'आई, वळवते हं' म्हणायचं, नाहीतर ती घाबरून बेडचा दांडा धरते आणि हात सुटत नाही. संध्याकाळी पाचनंतर ती 'मला घरी ने' म्हणते, तेव्हा 'हेच घर आहे' असं समजावत बसायचं नाही. चहा होऊ दे, मग निघू, असं म्हणायचं. हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते एकेका मावशीच्या हातात होतं आणि ती गेली की तिच्याबरोबर गेलं. प्रत्येक बदलात आईचे आठ-दहा दिवस वाईट जायचे. माणूस टिकवायचा तो त्या माणसासाठी म्हणून, हे खरंच. पण पेशंटसाठी तर नक्कीच.

या हातातल्या ज्ञानाला कोणी विचारतं का, यावर दुसरा काटा हलतो. डॉक्टर घरी आले की मला विचारायचे, "झोप कशी आहे? पोट साफ होतं का?" मी मावशींकडे बघायचे. त्या मला सांगायच्या, मी ते डॉक्टरांना सांगायचे. एका खोलीत उभ्या असलेल्या तीन माणसांमध्ये हा दुभाषीपणा महिनोन् महिने चालला. एका गुरुवारी पाचव्या मावशी म्हणाल्या, "आज आजी गप्प आहेत, आणि लघवीचा वास वेगळा येतोय." मी म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. शनिवारी आईला ॲडमिट करावं लागलं, लघवीचा संसर्ग. म्हाताऱ्या माणसांत ताप यायच्या आधीच सुस्ती किंवा गोंधळलेपणा दिसू शकतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. मावशींना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण दिसलं त्यांनाच होतं. त्यानंतर आम्ही एक शंभर पानी वही आणली. लघवी, शौच, जेवण, झोप, आणि शेवटचा रकाना 'काही वेगळं वाटलं का'. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं आणि वळणदार. डॉक्टर आले की वही उघडून थेट त्यांच्याशी बोलायला लागले. फिजिओथेरपिस्ट आले की पूर्वी आम्ही मावशींना 'तुम्ही चहा घ्या तोवर' म्हणून बाहेर पाठवायचो. आता त्यांना खोलीत थांबवलं. आईखाली आडवी चादर घालून, पाठ न वाकवता तिला वर कसं सरकवायचं, हे त्या तिथे शिकल्या. कंबरदुखीची गोळी त्या रोज घेत होत्या, ते आम्हाला तेव्हाच कळलं.

त्या वहीनं जे केलं ते माझ्या शंभर 'थँक्यू'नी झालं नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रसंग चोरीच्या आरोपाचा. स्मरणशक्ती ढासळलेल्या माणसाला वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि रिकामी जागा मेंदू एखाद्या गोष्टीनं भरतो: कोणीतरी नेली. समोर मावशीच असते. आई मोठ्यानं ओरडायची, "माझ्या पाटल्या घेतल्यान् हिनं!" पाटल्या तीन वर्षांपासून बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. आम्ही काय करायचो? काहीच नाही. आईला सांगायचो, "बघते हं मी," आणि मावशींकडे न बघता कपाट उघडायचो. ते न बघणं हाच आरोप असतो. तिसऱ्या मावशी फोन बंद करून का गेल्या, याचा माझा अंदाज हाच आहे.

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून एक कल्पना मांडली. काही नोकऱ्यांत हातापायांबरोबर भावनाही कामाला लावाव्या लागतात. राग आला तरी चेहरा हसरा ठेवणं हा कामाचाच भाग असतो, आणि तो श्रम थकवतो. विमानातला तो प्रवासी दोन तासांनी उतरून तरी जातो. मावशींचा पेशंट उतरत नाही. शिव्या खाऊन पुढच्याच मिनिटाला त्याच माणसाला भरवायचं असतं, आणि घास मऊच लागायला हवा. पाचव्या मावशी आल्या त्या दिवशी मी आईसमोर नाही, स्वयंपाकघरात त्यांना सांगितलं: ती आरोप करेल, पाटल्या लॉकरमध्ये आहेत, तुमच्यावर कोणाचाही संशय नाही, आणि तिनं ओरडायला सुरुवात केली की तुम्ही खोलीबाहेर या, मी आत जाईन. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र म्हणाल्या, "आधीच्या घरी पिशवी तपासून सोडायचे."

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. लांब राहिलेल्या माणसाचा जीव टांगणीला असतो हे मला मान्य आहे, म्हणूनच त्यानं आईच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला होता. त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. तो कॉफी पिता पिता बघायचा आणि मला मेसेज करायचा, 'मावशी मोबाईल बघतेय.' आईला भरवलेलं, पुसलेलं, फिरवलेलं तो झोपेत असताना होऊन गेलेलं असायचं. त्याच खोलीत मावशी कपडेही बदलायच्या, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. अखेर कॅमेरा फक्त बेडकडे वळवला, कुठे आहे ते मावशींना दाखवलं, कपडे बदलायला आतली खोली दिली. आणि दादाला रोज पाच मिनिटं मावशींशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. पहिल्या आठवड्यात दोघंही अवघडले. मग मेसेज थांबले.

'त्या आमच्या घरातल्याच आहेत.' हे वाक्य मीही अभिमानानं म्हटलंय. पण घरातल्या माणसाला सुट्टी नसते, ठरलेले तास नसतात, पगारवाढ तर नसतेच. शिवाय घरातल्या माणसाचा कप वेगळा नसतो. आपल्या किती घरांत तो स्टीलचा एक कप सिंकच्या कडेला वेगळा उपडा घातलेला असतो, आणि त्यामागे स्वच्छतेपेक्षा जात किती असते, हे ज्याचं त्यानं बघावं. आमच्याकडे होता. मावशींना बसायला खुर्ची नव्हती, त्या जमिनीवर बसून टीव्ही बघायच्या, आणि आम्हाला ते नैसर्गिक वाटायचं. खुर्ची, कप, बाथरूम, जेवायची ठरलेली वेळ आणि नावानं हाक: यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत, आणि यांच्याशिवाय बोललेलं कौतुक पोकळ वाजतं.

कायद्याचा आधार आहे, पण पातळ. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. 18 ते 60 वयाच्या घरेलू कामगारांना त्यात नोंदणी करता येते. 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 16 जून 2011ला घरकामगारांसाठीचा 189वा करार मंजूर केला तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला, घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करता येईल का ते तपासायला समिती नेमायला सांगितलं.

आणि हो, कुटुंबाचीही एक बाजू आहेच. निवृत्तिवेतनावर जगणारं जोडपं मावशींना आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि बदली कुठून देणार? जपाननं 2000 सालापासून शुश्रूषेचा सार्वजनिक विमा चालू केला, चाळिशीनंतर प्रत्येकाच्या कमाईतून थोडा हप्ता जातो. तरी तिथे माणसं टिकेनात, म्हणून सेवकांचा पगार वाढवण्यासाठीच वेगळी रक्कम संस्थांना द्यायला 2009पासून सुरुवात झाली. जर्मनीत असा विमा 1995पासून आहे. आपल्याकडे हा सगळा भार एका कुटुंबावर, आणि कुटुंबाच्या पाकिटाला जे झेपत नाही ते शेवटी मावशींच्या अंगावर.

आई गेली ती पहाटे, मावशींच्या हातावर. त्यांनी डोळे मिटवले, तोंडात पाणी घातलं, मग मला उठवलं. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. मावशी एका कोपऱ्यात उभ्या होत्या, कोणी त्यांना 'सांत्वन' म्हणून दोन शब्द बोललं नाही, कारण त्या कोणाच्या कोण? पेशंट गेला की नोकरी त्याच दिवशी जाते. ज्याचं सात महिने सगळं केलं तो माणूस आणि पगार, दोन्ही एका सकाळी. आम्ही त्यांना पंधरा दिवसांचा पगार जास्तीचा दिला आणि आईची एक चांगली, न वापरलेली इरकल. बरं केलं असं तेव्हा वाटलं.

तेराव्याला त्या आल्या. पंगतीत बसल्या, जेवल्या, आईच्या फोटोसमोर थोडा वेळ थांबल्या. पुढच्या आठवड्यात ब्युरोचा फोन आला तेव्हा समजलं की त्या तोवर हडपसरला नव्या केसवर लागल्या होत्या आणि त्या दिवसाचा खाडा पडला होता.